विषय : पॅशन सादर करणेबाबत

मराठीत नोकरी लागते. ठेच लागते, ऊन लागतं, उचकी लागते, कुणाची तरी नजर लागते, तशीच एक दिवस नोकरी लागते. लागली की पेढे वाटायचे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत निमूटपणे जायचं, असा साधा व्यवहार होता. लागलेल्या गोष्टीवर प्रेम करायची अट त्यात नव्हती. ठेच लागलेल्या माणसाला ‘या ठेचेमागचं तुझं उद्दिष्ट काय?’ असं कुणी विचारत नाही. मला विचारण्यात आलं आहे. लेखी. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे.

चहा घ्या. प्रकरण मोठं आहे.

मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये २७ वर्षं काम करतो. व्हाउचर तपासणं, बँकेचं रेको म्हणजे जुळवणी करणं, जीएसटी भरणं आणि ऑडिटर आले की त्यांना कमी साखरेचा चहा मिळेल याची व्यवस्था बघणं, असं माझ्या कामाचं स्वरूप आहे. एवढ्या वर्षांत कंपनीने माझ्याकडे वेळेवर येणं मागितलं, जमाखर्च जुळवणं मागितलं, मार्चमध्ये रविवार मागितले. सगळं दिलं. प्रेम कधी मागितलं नाही. मागायचं ठरलं असतं तर नेमणूकपत्रात तसा उल्लेख असता. मी माळ्यावरची फाइल काढून नेमणूकपत्र पाहिलं. अकरा कलमं आहेत, एकातही नाही.

यंदा मात्र वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये दोन नवे रकाने उगवले. एक, ‘तुमची पॅशन’. दुसरा, ‘तुमच्या जीवनाचं उद्दिष्ट (कमाल १०० अक्षरं)’. शंभर अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. ‘माझं मन कामात लागत नाही’ असं साहेबांना तोंडावर सांगणारा नोंदीतला पहिला माणूस अर्जुन. त्याची समजूत घालायला अठरा अध्याय लागले. ते मराठीत उलगडून सांगायला ज्ञानेश्वरांना नऊ हजारांवर ओव्या लागल्या. आमच्या एचआर विभागाला ते शंभर अक्षरांत हवं आहे.

मी प्रामाणिकपणे ‘लागू नाही’ असं लिहिलं. संगणकाने ते नाकारलं. किमान वीस अक्षरं हवीत म्हणाला. मी ‘लागू नाही लागू नाही लागू नाही’ असं लिहिलं. ते स्वीकारलं गेलं. दोन दिवसांनी एचआरच्या मॅडमचा फोन आला. आवाजात काळजी होती. “सर, सगळं ठीक आहे ना?” माझं ठीकच होतं. पण असं विचारल्यावर माणूस क्षणभर चाचपतो, आणि तेवढ्या क्षणात त्यांनी माझं नाव कार्यशाळेला टाकलं.

कार्यशाळा गुरुवारी. भोसरी-चिंचवडकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे कामाची गोडी शोधायची ती कामाच्या दिवशी नाही, त्याने कामाचा खोळंबा होतो. ती सुट्टीच्या दिवशी, आपल्या पेट्रोलने जाऊन शोधायची. बदली रजा मिळेल का, असं मी विचारलं. त्यावर ‘सर, हे तुमच्यासाठीच आहे’ असं उत्तर आलं. उत्तर नकारार्थी आहे हे मला ज्युनियरने समजावून सांगितलं.

प्रशिक्षक तिशीतले होते. त्यांनी स्वतः अकरा महिने नोकरी केली होती. नोकरीवर प्रेम कसं करावं हे शिकवण्याइतका अनुभव तेवढ्यात मिळवून त्यांनी ती सोडली. सुरुवातीला त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि लहानपणी काय व्हावंसं वाटत होतं ते आठवायला सांगितलं. मला एसटीचा कंडक्टर व्हायचं होतं. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा मला फार आवडायचा. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी फळ्यावर ‘लोकसेवा’ असं लिहिलं. मी चिमटा म्हटलं होतं. इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी, ही माझी मागणी अद्याप प्रलंबित आहे.

नंतर तीन तास त्यांनी दाखले दिले. मी हिशेबाचा माणूस. मूळ पावती पाहिल्याशिवाय नोंद करत नाही. सगळे दाखले वहीत उतरवून घेतले आणि रात्री घरी एकेक तपासून पाहिला. आक्षेप पुढीलप्रमाणे.

पहिला दाखला ‘इकिगाई’चा. पडद्यावर चार गोल, एकमेकांत अडकलेले. आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय आणि पैसे कशाचे मिळतात. मधोमध जिथे चारही गोल मिळतात तिथे तुम्ही उभे राहायचं. हे जपानचं प्राचीन शहाणपण असल्याचं सांगण्यात आलं. इकिगाई हा शब्द जपानी आहे, वाद नाही. पण तिथे सकाळचा चहा, नातवंडं, परसातली झाडं असलं साधं काहीही माणसाचं इकिगाई असू शकतं. त्याने पगार मिळालाच पाहिजे अशी सक्ती नाही. चार गोलांची आकृती आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाची. २०१४ साली मार्क विन या इंग्रज गृहस्थांनी तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ हा शब्द बसवला आणि ती जपानी झाली. म्हणजे स्पेनचा माल, इंग्लंडचं लेबल आणि बिल जपानच्या नावाने. आमच्याकडे असा व्यवहार आढळला तर स्टोअरकीपरची चौकशी लागते. शिवाय ज्योतिषाचाच आधार घ्यायचा तर आपल्या पत्रिकेला बारा घरं असतात. ती सोडून चार गोलांत भागवण्याचं कारण नोंदवलेलं नाही.

दुसरा दाखला कन्फ्यूशियसचा. आवडीचं काम निवडलंत तर जन्मात एक दिवसही काम करावं लागणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. त्यांच्या संवादांच्या संग्रहात असं वाक्य नाही. हयात नसलेल्या माणसाच्या नावाने परस्पर नोंद टाकणं याला आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे. इथे लिहीत नाही.

तिसरा स्टीव्ह जॉब्स. याची पावती आहे, मी मान्य करतो : १२ जून २००५, स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. आवडतं काम सापडेपर्यंत शोधत राहा, तडजोड करू नका, असा सल्ला त्यांनी दिला. कॉलेजचं शिक्षण सोडल्यावर आपण सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसायचो आणि ते पुढे मॅकिंटॉशच्या अक्षरांसाठी कामाला आलं, हेही सांगितलं. सुंदर अक्षराचं आमच्याकडेही कौतुक होतं. संगणक येण्यापूर्वी ज्याचं अक्षर चांगलं त्याला खतावणी लिहायला बसवत. मलाही तसंच बसवलं. एकाच गुणाचं तिकडे ॲपल होतं आणि इकडे लेजर होतं, याचा खुलासा प्रशिक्षकांकडे मागितला. त्यांनी तो ‘प्रश्नोत्तरांच्या वेळी घेऊ’ म्हणून पुढे ढकलला. प्रश्नोत्तरांच्या वेळी जेवण लागलं.

चौथ्या दाखल्यात तीन गवंडी. तुम्हीही ऐकलेच असतील, त्यांच्यातून कुणाची सुटका नाही. पहिला म्हणतो विटा रचतोय, दुसरा म्हणतो पोट भरतोय, तिसरा म्हणतो देऊळ बांधतोय. टाळ्या तिसऱ्याला. माझं म्हणणं एवढंच, की भर उन्हात काम चालू असताना तिघांना थांबवून मुलाखती घेणाऱ्या त्या चौथ्या इसमाबद्दल कुणीच काही का बोलत नाही? तो कुठल्या विभागाचा? आणि माझं स्वतःचं घर बांधलं तेव्हाचा अनुभव सांगतो : ओळंबा लावून विटा रचणाऱ्या पहिल्या गड्याची भिंत अजून सरळ आहे. आपण पाट्या टाकणं म्हणून हिणवतो, पण स्लॅब भरायच्या दिवशी मुहूर्तापासून रात्रीपर्यंत पाट्या टाकणारेच लागतात. त्या दिवशी एखादा गडी जिन्यावर थांबून स्वतःचं उद्दिष्ट शोधायला लागला, तर सिमेंट त्याच्यासाठी थांबत नाही.

गवंड्यांच्या मागोमाग नासातला झाडूवाला आला. केनेडींनी ‘काय करतोस?’ विचारल्यावर ‘माणसाला चंद्रावर पाठवायला मदत करतोय’ म्हणणारा. त्याचं नाव किंवा भेटीची तारीख प्रशिक्षकांना सांगता आली नाही. बिनतारखेचं व्हाउचर मी पास करत नाही. माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ला. त्या दिवशीही तिथली जमीन कुणीतरी झाडलीच असणार. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि तो वेळेवर घरी गेला असेल अशी माझी आशा आहे.

मग डबेवाले. मुंबईत १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम. २०१० साली हार्वर्डने त्यांच्यावर केस स्टडी केली. त्याआधी, २००३ साली, खुद्द प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटून गेले. ‘ही त्यांची पॅशन!’ असं प्रशिक्षक म्हणाले. डबे भरलेलं लांबलचक क्रेट डोक्यावर घेऊन चर्चगेटच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसाला पॅशन आहे की मान दुखतेय, हे त्याला विचारल्याशिवाय कसं लिहायचं? आणि विचारायचं तर डबे पोचल्यावर. आधी विचारलंत तर हजारो लोक उपाशी राहतील आणि त्यांच्या कामातला रस आपोआप कमी होईल.

शेवटी आपल्या संतांना मध्ये घेण्यात आलं. सावता माळी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहत, पंढरीला जात नसत. म्हणून आम्हीही लेजरमध्ये विठ्ठल पाहावा. पाहू. पण त्याच यादीत गोरा कुंभारही होते. ते चिखल तुडवताना इतके तल्लीन झाले, की पोटचं मूल पायाखाली आलं तरी भान राहिलं नाही, अशी कथा आहे. तिथे पुढे पांडुरंगाने निस्तरलं. आमच्या प्रेस शॉपमध्ये निस्तरायला एकच सेफ्टी ऑफिसर आहे, आणि तोही त्या गुरुवारी कार्यशाळेत डोळे मिटून बसला होता.

घरी तरी दाद मिळेल असं वाटलं होतं. आमच्या पुतण्याने पॅशनसाठी चांगली नोकरी सोडली. आधी फोटोग्राफी झाली, मग पाव भाजणं झालं, आता तो दुसऱ्यांच्या मुलाखती घेतो. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या आरोग्य विम्याचं हप्तापत्रक माझ्याकडे दिलं आहे. तो मला म्हणतो, “काका, तुम्ही स्वतःला कधी शोधलंच नाहीत.” गेली २७ वर्षं मी सकाळी साडेआठला त्याच खुर्चीत असतो. शोधायची गरजच पडू नये अशीच व्यवस्था ठेवली आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते, पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझी पॅशन म्हणजे तक्रार. लिही की तेच.” अक्षरं मोजली. वीस भरत नाहीत.

शेवटचा उपाय म्हणून शब्दकोश पाहिला. ‘पॅशन’ या शब्दाचं मूळ लॅटिन. क्रियापद ‘पाती’, अर्थ : सोसणे. ख्रिस्ताच्या यातनांनाही म्हणूनच पॅशन म्हणतात. ‘पाती’तल्या ‘त’चा ‘ट’ झाला की आपलं पाट्या टाकणंही फार दूर नाही. म्हणजे सोसणं हीच पॅशन असेल, तर माझ्याकडे २७ वर्षांची पॅशन साठलेली आहे, तिची थकबाकी निघते आणि तिच्यावर व्याजही लागू व्हावं. तसा अर्ज मी एचआरकडे सादर केला. पोच मिळालेली नाही.

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं. पण परवा महिनाअखेरीचं काम चालू होतं. जीएसटीच्या पोर्टलवरचं इनपुट क्रेडिट आणि आमचं खरेदी रजिस्टर यांत ९० रुपयांचा फरक येत होता. ज्युनियर म्हणाला, “सर, नव्वद रुपये. सोडून द्या, उद्या बघू.” आणि निघून गेला. नव्वद रुपये सोडून देणाऱ्या पिढीशी मी काय बोलणार? फरक नऊने भागला जात होता, आणि फरक नऊने भागला गेला, की कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडले असावेत, हे आमच्या धंद्यात वही हातात घेतली की पहिल्यांदा शिकवतात. मी चारशे बारा बिलं पुढ्यात घेतली आणि बोट ठेवून एकेक ओळ लावत बसलो.

तीनशे सदतिसावं बिल प्रशिक्षकांचं निघालं. मानधन ४५,०००. त्यावर अठरा टक्के जीएसटी ८,१०० व्हायला हवा. बिलावर छापला होता ८,०१०. पोर्टलवर मात्र त्यांनी बरोबर भरला होता. पैसा दुय्यम असतो असं सांगणाऱ्या या गृहस्थांनी त्या आठवड्यात पेमेंटसाठी मला चार फोन केले होते. मी बिलावर लाल पेनने गोल केला, ‘दुरुस्त बिल पाठवावे’ असं लिहिलं आणि फरकाचा रकाना पुन्हा पाहिला. शून्य.

मान वर केली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. मजल्यावर माझ्याच टेबलावरचा दिवा चालू होता. शिपाईमामा दारात किल्ल्या घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मोबाइलवर बायकोचे पाच मिस्ड कॉल होते, एकही ऐकू आलेला नव्हता. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. मामा म्हणाले, “साहेब, एकटेच हसत होता.”

हे मी फक्त तुम्हाला सांगतोय. कृपा करून एचआरपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांना कळलं तर ते याला काहीतरी नाव देतील, त्याभोवती चार गोल काढतील आणि पुढच्या गुरुवारी मला मंचावर बसवतील. फॉर्म भरायची मुदत परवा संपते. दोन्ही रकाने पुन्हा कोरे आहेत. किमान वीस अक्षरं भरतील असा ‘लागू नाही’ला एखादा लांब, सभ्य पर्याय तुम्हाला सुचत असेल तर कळवा. चहा माझ्याकडे लागू.