भट्टी हद्दीबाहेर, पाळणा हद्दीत

एकाच वेळी हद्दीच्या आत आणि बाहेर राहण्याची कला जालना शहराने साधली आहे. मंत्र्यांसमोर भाषण ठोकायचं असलं, 'जालना सोने का पालना' ही म्हण पुन्हा एकदा घोटायची असली, की इथल्या स्टीलच्या भट्ट्या, रोलिंग मिला आणि टीएमटी सळया थेट शहराच्या मध्यभागी येऊन बसतात. शहराने हवेत किती कर्बवायू सोडला, असं कोणी विचारलं की त्याच भट्ट्या एमआयडीसीत परत जातात. आणि एमआयडीसी म्हणजे जणू परमुलूख, तिथल्या धुराशी आपला काय संबंध! 2023 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. धुराला मात्र अजून वॉर्ड मिळालेला नाही.

वचन मोठं आहे. 2021 मध्ये महाराष्ट्राने अमृत योजनेतली 43 शहरं 'रेस टू झीरो' या जागतिक शर्यतीत उतरवली. 2030 पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर, 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर, अशी ही शर्यत, आणि जालना अमृत शहरच. आता निम्मं करायचं तर आधी पूर्ण किती, हे मोजायला हवं. पण मोजदाद अडचणीची असते, गुण मिळवणं सोपं. 2020 पासून 'माझी वसुंधरा' अभियान पंचमहाभूतांच्या नावाने गुण वाटतं: झाडं लावा, एलईडी दिवे बसवा, छतावर सौर पॅनेल टाका, चार्जिंग स्टेशन उभारा. अग्नीचा खरा मुक्काम जालन्यात इंडक्शन भट्टीत आहे. गुण मात्र पालिकेच्या दिव्याला. दुसरीकडे 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जालन्याचं नाव आहे, पण तो कार्यक्रम मोजतो धूळ. धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारायचं, आणि तेही अशा गावात, जिथे पैठणहून वीज जाळून पाणी आणायचं आणि नळाची वाट बघत लोकांनी दिवस मोजायचे. धूळ निदान डोळ्यांत जाते, म्हणून तिची तक्रार होते. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. इतका सभ्य प्रदूषक कोणत्याही प्रशासनाला आवडावा.

थोडं गणित करू. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून एक टन पोलाद काढायला, माल कसा आहे त्यावर कमी-जास्त, पण ढोबळमानाने सहाशे युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टनामागे नुसत्या वितळवण्याचे चारशे किलोहून जास्त. आता रस्त्यावरचा दीडशे वॉटचा सोडियम दिवा काढून सत्तर वॉटचा एलईडी लावला, आणि तो रोज अकरा तास जळला, तर एका रात्रीत वाचतं एक युनिटही नाही. एका दिव्याने जवळपास दोन वर्षं इमानाने वाचवलेली वीज एक टन पोलाद वितळवण्यात संपते. दहा टनांची एक हीट, म्हणजे वितळवणीची एक फेरी, उतरली की असे दहा दिवे दोन वर्षं फुकट जळले, आणि भट्टी लगेच पुढची हीट घ्यायला मोकळी. दिवे बदलू नयेत, असं नाही. पण या दिव्यांच्या जोरावर शहराची प्रगती सांगणं म्हणजे लग्नाच्या पंगतीचा खर्च लपवून अक्षतांचा हिशेब वाचून दाखवणं.

यावर पहिली हरकत ठरलेली: वीज तयार होते परळीला, चंद्रपूरला, धूर त्यांचा. स्पंज आयर्न ज्या कोळशावर बनतं, तो जळतो छत्तीसगड-ओडिशाकडे. ठीक आहे. मग सळईवरचं 'जालना' हे नावही तिकडेच पाठवावं. शहरांचा हिशेब मांडण्याची जगभर रूढ असलेली पद्धत तरी बाहेरून आणलेली वीज वापरणाऱ्या शहराच्याच नावावर टाकते. शिवाय युनिट मोजता येत नाहीत, असंही नाही. 2016 पासून मराठवाडा-विदर्भातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, ती शेवटच्या युनिटपर्यंत मोजूनच. सवलतीसाठी चालणारं मीटर उत्सर्जनाच्या वेळीच कसं बंद पडतं?

दुसरी हरकत वजनदार आहे. या भट्ट्यांवर हजारो घरं चालतात, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर आगीपुढे उभे असतात. हिशेबाच्या नावाखाली उद्योगच बंद पाडायचा का? मुळीच नाही. उलट हिशेब झाला तर जालन्याचं भलंच होण्याची शक्यता आहे. झोतभट्टीत कोळशावर लोहखनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा भंगार वितळवून केलेल्या पोलादाचं उत्सर्जन पुष्कळ कमी असतं. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार मालाच्या टनामागे 2.2 टनांहून कमी उत्सर्जन असेल तर हरित, 1.6 टनांच्या खाली असेल तर पाच तारे. भंगार जास्त आणि स्पंज कमी घालणाऱ्या कारखान्याला ते तारे अवघड नसावेत; कोळशाच्या स्पंजवर भिस्त असलेल्याचं मात्र बिंग फुटेल. वही न उघडण्यात नेमकं कोणाचं हित आहे, हे यावरून ओळखावं. चांगलं काम करणारा कारखाना आणि न करणारा, दोघंही आज एकाच अंधारात सुरक्षित आहेत.

महावितरणकडे युनिट आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे परवान्यांचे कागद आहेत, कारखान्यांकडे भंगाराच्या पावत्या आहेत. महापालिकेने हे तिन्ही मागवून बेरीज करावी आणि वर्षातून एकदा मुख्यालयाच्या फलकावर लावावी. त्या फलकावर हवा तर एलईडी दिवाही लावावा. आकडा रात्रीही वाचता येईल.