पाटी झकास, काम कुठलं?

भाईंदरला केबिन रोडवर झेरॉक्सच्या एखाद्या दुकानाची पाटी वाचा: ‘सर्व प्रकारची ऑनलाइन कामे केली जातील.’ ती कुणी मनावर घेत नाही. आपण आत डोकावून विचारतो, ‘दादा, भाडेकरार होईल का?’ दादा मान वर न करता म्हणतात, ‘होईल. मालक-भाडेकरू दोघांचं आधार आणा. नुसत्या नोटरीवर भागवू नका.’ (१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो. पाटीवर हे कुठे असतं?)

कामासाठी टूल निवडणाऱ्या एआय एजंटला विचारायला दादा नाहीत, नुसती पाटी आहे. टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि काय काय भरून द्यायचं त्याची यादी. नोव्हेंबर २०२४मध्ये एजंटला टूलं जोडण्याचं एमसीपी हे सामायिक प्रमाण आलं आणि टूलांचा बाजारच भरला. ‘माहिती मिळवते’ एवढंच वर्णन असलेली टूलं शेजारीशेजारी लावली, की एजंट बेधडक चुकीच्या दुकानात शिरतो.

वर्णन तपासायचं तर काम तेच, मॉडेल तेच ठेवून फक्त वर्णन बदलावं आणि मोजावं: एजंटने टूल बरोबर निवडलं का, माहिती नीट भरली का आणि गरज नव्हती तेव्हा गप्प बसला का. पण एवढा उपद्व्याप कोण करतो! त्यापेक्षा दुसऱ्या मॉडेललाच विचारायचं, ‘वर्णन कसं वाटतं?’ ते खुशीत दहापैकी नऊ देतं. ‘सर्व’वरचा रफार जागच्या जागी आहे, एवढं तरी त्याने पाहिलेलं असतं.