विटा ते कोची, व्हाया लाउंज

विट्याच्या माणसाला विमान चुकण्याची भीती नसते. विमानाच्या कितीतरी तास आधी पोचायची मात्र असते, आणि ती दर वेळी खरी ठरते. गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्याचं ठाणं. गावात रेल्वे नाही. मुंबईची ट्रॅव्हल्स रात्री जेवणखाण आटपून निघते आणि पहाटे अशा वेळी प्रवाशांना मुंबईच्या वेशीवर सोडते, की तेव्हा दूधवाल्याखेरीज कुणाला काही काम नसतं. विमान दुपारचं असतं. मधले तास आपले आपण संपवायचे.

विट्यात विमानप्रवास ही काही मिरवायची गोष्ट राहिलेली नाही. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबानं त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू सराफाच्या हातावर ठेवायचा, हा तो धंदा. पाऊस तालुक्याला फसवत राहिला तशी माणसं देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या गल्लीत शिरा, भट्टीपाशी कुणीतरी ‘काय म्हंता पावणं?’ म्हणणारा भेटतोच. आमचे मामा त्यांतलेच. मुक्काम पोस्ट त्रिशूर, सराफ्यामागं दुकान. दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला विट्यात यायचं आणि भट्टी थंड पडायच्या आत परत जायचं, हा त्यांचा नेम. पूर्वी ते मिरजेहून रेल्वेनं जात. गुडघे बोलायला लागल्यापासून विमानानं जातात. या खेपेला पोचवायला म्हणून मी बरोबर निघालो, आणि पोचवता पोचवता कोचीचं तिकीट माझंही निघालं.

टॅक्सीवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, “टी वन की टी टू?”

“इमानतळ,” मामा म्हणाले.

“तेच. कुठला?”

“मुंबईचा. आनि काय दिल्लीचा सांगू व्हय तुला?”

बिचाऱ्याचं चुकत नव्हतं. मुंबईच्या विमानतळाच्या धावपट्ट्या त्याच, पण दारं दोन उपनगरांत. टी वन विलेपार्ल्याकडून, टी टू अंधेरीच्या सहारकडून. एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर पुन्हा रस्त्यावर येऊन वाहतुकीत उभं राहावं लागतं. आमचं टी टू होतं. मामांना हा हिशेब पटला नाही. “आमच्या स्टँडला बी दोन दारं हाईत. पर आत गेलं की फलाट एकच लागतो,” एवढं बोलून ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले.

टी टू २०१४ मध्ये सुरू झालं. सुमारे ४ लाख ४० हजार चौरस मीटरचा पसारा. प्रस्थानाचा रस्ता पुलावरून थेट वरच्या मजल्याला भिडतो. छताला मोराच्या पिसाऱ्याची नक्षी आणि तिला पेलणारे पांढरे खांब. आत ‘जय हे’ नावाचं कलासंग्रहालय आहे, राजीव सेठींनी मांडलेलं. देशभरातून आणलेले झरोके, मूर्ती, कोरीव लाकडी दरवाजे भिंतीभर लावलेत. मामा एका दरवाजापुढं थांबले. बिजागरी बघितली, लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायला हात पुढं केला, आणि पाटीकडं लक्ष गेल्यावर मागं घेतला. “दार झकास हाय,” म्हणाले, “पर उघडत न्हाई.”

सुरक्षा तपासणीत मामींनी बांधून दिलेली पिशवी अडकली. दशम्यांना कुणी हरकत घेतली नाही, शेंगदाण्याची चटणीही सुटली. अडकल्या त्या खोबऱ्याच्या वाट्या. रेणावीच्या रेवणसिद्धाला वाढवलेल्या नारळांच्या त्या वाट्या मामींनी उन्हात खडखडीत वाळवल्या होत्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं. म्हणून विमानात ते चालत नाही. जवान तरुण होता. त्यानं हिंदीत नियम सांगितला. मामांनी दोन वाक्यं ऐकली, त्याच्या बोलण्यातला हेल ओळखला आणि एकदम मल्याळम सुरू केलं. जवानाच्या चेहऱ्यावरचं सरकारी काम उतरलं. तो पालक्काडचा निघाला. दोघं खूप बोलले. मागच्या रांगेतल्या लोकांनी घड्याळं बघितली. शेवटी मामा वाट्या तिथंच सोडून आले, पण हसत. “काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, केरळात खोबरं घिऊन निघालेला पयला मानूस बगतोय म्या.”

आता लाउंज. आमच्याजवळ वेळ होता आणि लाउंजात सोफे असतात, एवढं मला ठाऊक होतं. ते कुठं आहे हे मात्र टर्मिनलनं गुपित ठेवलेलं असतं. तपासणीतून बाहेर पडलं की वाट थेट फाटकाकडं जात नाही. ती अत्तरांतून जाते, मग चॉकलेटांतून, मग घड्याळांतून. नागमोडी वाट मुद्दाम आखलेली असते, कारण चालणाऱ्याच्या खिशातूनच विमानतळाचं बरंच उत्पन्न निघतं. पाट्या चिक्कार. बाण आहेत, चित्रं आहेत, एक खुर्ची आणि तिच्याशेजारी पेला दाखवणारं चित्रही आहे. बाणाप्रमाणे गेलं की दुसरा बाण भेटतो आणि तो जिना दाखवतो. जिन्याच्या टोकाला पुन्हा अत्तरं.

एसटी स्टँडवर ध्वनिक्षेपक कानीकपाळी ओरडतो, तरी माणसं कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारतातच. इथं घोषणा जवळजवळ नाहीत आणि कुणी कुणाला विचारतही नाही. सगळे मान वर करून पाट्या वाचतात किंवा मान खाली घालून फोन वाचतात. विचारणं म्हणजे अडाणीपणा, असा इथला अलिखित नियम दिसतो. मामांना तो कुणी सांगितला नव्हता. ते सरळ मागं फिरले आणि पालक्काडच्या जवानाला लांबूनच हाक घातली, “मोने, लाउंज एविडेयाणु?”

त्यानं हातानंच वळणं दाखवली. दोन वळणं, एक लिफ्ट, आणि आम्ही दारात. मी तोवर फोनवर नकाशा उघडत होतो.

दारात रांग होती. अशी रांग आता देशभरच्या लाउंजांत दिसते, कारण बँकांनी कार्ड विकायला लाउंजची लालूच दाखवली आणि लोकांनी ती मनावर घेतली. मामांच्या थोरल्यानं त्यांना सोनेरी रंगाचं क्रेडिट कार्ड काढून दिलं होतं. जाडजूड, लखलखीत. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं. मशीननं नकार दिला. मुलीनं मंजुळ आवाजात सांगितलं, की मागच्या तिमाहीत या कार्डावर ठरावीक रकमेचा खर्च झालेला असला तरच आत सोडता येतं. ज्या माणसाच्या हाताखालून आयुष्यभर किलोकिलोनं सोनं गेलं, त्याला खर्च कमी केला म्हणून दारात थांबवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“रोख दिऊन?” मामांनी विचारलं. तिनं हजाराच्या पुढचा आकडा सांगितला.

“तेवढ्यात अर्धं पोतं तांदूळ येतंय बाई.”

मग त्यांनी आतल्या खिशातून गावच्या खात्याचं निळं, कडा झिजलेलं रुपे डेबिट कार्ड काढलं. मशीननं दोन रुपये कापले आणि कागद बाहेर टाकला. चाललं! माझंही तसलंच साधं कार्ड चाललं.

“दोन रुपयं कशापायी?”

“कार्ड खरं आहे का ते बघतात, मामा.”

“म्हंजे टंच काढत्यात,” मामा खूश झाले. “आनि सोनेरी निघालं खोटं. रंगाला भुलायचं न्हाई, भाच्या. कस लागला पायजे.”

पण मुलीचं संपलं नव्हतं. तिनं बोर्डिंग पास बघितले आणि म्हणाली, “सर, तुमच्या फ्लाइटला खूप वेळ आहे. सुटण्याआधी तीन तासांच्या आतच प्रवेश मिळतो.” रात्रभर बसमध्ये आखडलेल्या, तोंड धुवायला जागा शोधणाऱ्या माणसाला इथं वेळेआधी आल्याबद्दल बाहेर ठेवतात, आणि जो वेळेवर, घरून न्हाऊनधुऊन येतो त्याच्यासाठी सोफा राखून ठेवतात. आम्ही दाराबाहेरच्या पोलादी बाकावर बसलो. मामांनी तिथं जी झोप काढली, ती आतल्या कुठल्याही सोफ्यावर लागली नसती.

यथाकाल आत गेलो. मंद दिवे. माणसं भिंतीकडं तोंडं करून बसलेली, कुणी तोंड उघडं टाकून झोपलेलं. इडली, उपमा, पास्ता, पनीर एकाच टेबलावर नांदत होते, आणि लोक ते सगळं एकाच ताटात रचत होते. फुकटाच्या ताटाला तळ नसतो. मामांनी एक इडली चाखली. त्रिशूरात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं इडलीबद्दल जे बोलायचं ते न बोलता ती बाजूला ठेवली आणि दशम्या सोडल्या. वाढप्या धावत आला. “बाहेरचं खाणं आणता येत नाही.”

“बाहेरचं न्हाई, घरचं हाय,” मामा म्हणाले आणि एक दशमी त्याच्यापुढं धरली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि घेतली.

चटणीचा वास कोपऱ्यातल्या एका गृहस्थाला पोचला. ते फोनवर ‘व्हय व्हय, पोचलो की’ म्हणत होते, ते फोन ठेवूनच आले. आटपाडीचे, गलाई कोलकात्यात. मग सोन्याचा भाव, टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, अशी बैठक बसली. लाउंजात पहिल्यांदाच माणसांचा आवाज झाला.

मी मामांना सांगितलं, विमान कंपनीचं जगातलं पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सनं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर काढलं, १९३९ मध्ये. ‘ॲडमिरल्स क्लब’ त्याचं नाव. तिथं पैसे देऊन जाता येत नसे; कंपनीला जो माणूस मोठा वाटेल त्याला बोलावणं जाई. पुढं सभासदत्व विकायला लागले, १९९२ ला प्रायॉरिटी पास निघाला, मग कार्डं आली आणि आपण आलो.

“आनि आपलं कोल्हापूरचं इमानतळ?” आटपाडीच्या पाहुण्यांनी विचारलं.

“तेही १९३९ चंच. छत्रपती राजाराम महाराजांनी केलेलं.”

“म्हंजे सुरवात बरोबरीनंच झाली हुती की,” मामा म्हणाले. “मग त्येनी सोफं टाकलं, आपन सतरंज्या.”

बोलण्यात फाटक बदलल्याचं कळलंच नाही, कारण ते कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. पडद्यावर एक आकडा गुपचूप सरकला होता. तो बघितला वाढप्यानं, आणि दशमीला जागून तो आम्हाला फाटकापर्यंत धावत पोचवून आला.

कोचीला उतरल्यावर मामांनी मला मुद्दाम एक जागा दाखवली. हा विमानतळ २०१५ पासून पूर्णपणे सौर विजेवर चालतो, हे केरळात कुणीही सांगतं. मामांना दाखवायचं होतं ते ‘०४८४’. एर्नाकुलमचा जुना एसटीडी कोड, तेच लाउंजचं नाव. १ सप्टेंबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. ते सुरक्षा तपासणीच्या अलीकडं आहे. बोर्डिंग पास लागत नाही, खोल्या तासांच्या हिशेबानं मिळतात आणि पोचवायला आलेल्यांनाही आत बसता येतं. ज्या गावात एका माणसाला निरोप द्यायला जीपभर माणसं निघतात, त्या गावच्या माणसाला याची किंमत कळते. “हितं टंच बरोबर हाय,” मामांनी निकाल दिला.

म्हणून विट्याकडून निघणाऱ्यांना एवढंच सांगणं. निघण्याआधी टी वन की टी टू ते तिकिटावर बघा. कार्डाची अट बँकेत विचारून घ्या, आणि साधं डेबिट कार्ड घरी विसरू नका. तीन तासांचा नियम लक्षात ठेवून बसण्यापुरतं काहीतरी जवळ असू द्या. वाट सापडेना तर पाट्या वाचत बसू नका, सरळ माणसाला विचारा. तुमच्या नाहीतर तुमच्या धंद्याच्या मुलखातला कुणीतरी तिथं असतोच. दशम्या जास्त घ्या. सुकं खोबरं मात्र घरीच राहू द्या, विशेषतः केरळात निघाला असाल तर.