रेंजकाका

"सिम कधीचं आहे?"

लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या वर्गणीच्या टेबलाशी, कुठंही कुणी "नेट चालत नाहीये हो" असं पुटपुटलं की रेंजकाका हा प्रश्न टाकतात. उत्तराची वाट न बघता निकालही देतात: "जुनं झालंय. अपग्रेड करा. मग बघा, कसं सुसाट पळतं!"

पूर्वी काकांच्या जानव्याला कपाटाची किल्ली असे. आता सिम काढायची पिन असते. मोठं सिम कात्रीनं कापून मायक्रो आणि मायक्रोचं नॅनो करून देण्यापासून त्यांची कारकीर्द सुरू झाली. त्यात किती कार्डं कामी आली, हा विषय काका काढू देत नाहीत.

त्यांच्या कीर्तीला पाया मात्र खरा आहे. २०१६नंतर फोरजीचं वारं सुटलं, तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी नातवानं दिलेल्या नव्या फोनमध्ये टूजीच्या जमान्यातलं कार्ड घातलं होतं. फोरजीला ओळख पटवायला नव्या धर्तीचं कार्ड लागतं; जुन्याला ते दारातूनच परत पाठवतं. काकांनी कार्ड बदलायला लावलं आणि आजींचं कीर्तन अडखळायचं थांबलं. तेव्हापासून काकांना अख्ख्या बिल्डिंगची कार्डं जुनी दिसू लागली.

२०२२च्या ऑक्टोबरात फाइव्हजी आलं. चालू फोरजी कार्डावरच ते मिळेल, असं जिओ आणि एअरटेल दोघांनीही जाहीर केलं. काका हसले. "फोरजीच्या कार्डात फाइव्हजी मावेल कसं?"

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलीनं एकदा त्यांना समजावून पाहिलं. "काका, सिम म्हणजे रेशनकार्ड. तुम्ही कोण, एवढंच ते सांगतं. धान्य टॉवर देतो, घरी आणते ती फोनची अँटेना. रात्री टॉवरपुढे रांग लागली, किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना आपल्या आरसीसी भिंतीतून येताना धाप लागली, तर नवं रेशनकार्ड काय करणार?"

काका गंभीर झाले. "पांढरं की केशरी?"

गंमत म्हणजे काकांचा उपाय अधूनमधून चालतोही. कार्ड काढून पुन्हा घातलं की फोन नेटवर्कशी नव्यानं जोडला जातो आणि अडकलेलं नेट सुटतं. फ्लाइट मोड चालू करून बंद केला तरी हेच होतं. पण त्याला पिन लागत नाही, त्यामुळे काकांच्या लेखी ते शास्त्र नव्हे.

नवं कार्ड आणलं, तर फसवणूक टळावी म्हणून पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे ओटीपी नाही. समोरचे जोशी बँकेच्या पानावर रकमेसकट ताटकळले, तेव्हा काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एक दिवसाचं पथ्य असतंच."

मध्यंतरी आमच्या गच्चीवर टॉवर बसवायचा प्रस्ताव आला होता. सर्वसाधारण सभेत तो साफ फेटाळला गेला. विरोधाच्या पत्रावर पहिली सही रेंजकाकांची. "रेडिएशन!" असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. नेमके तिथंच, शर्टाच्या खिशात, त्यांचे दोन्ही फोन होते.

"मग रेंजचं काय?" कुणीतरी मागून विचारलं.

"टॉवर कशाला पाहिजे? ज्याला अडचण असेल त्यानं सिम बदलावं!"

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.