तात्यांचा श्रीगणेशा

लोणंदच्या कांदा बाजारात पस्तीस वर्षं अडतीवर दिवाणजी असलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? बहुतेक जण सकाळी स्टेशनपर्यंत फिरून येतात, मिरजेकडची गाडी किती उशिरा आली ते बघतात आणि घरी येऊन सगळ्यांना सांगतात. आमच्या शेजारचे तात्या श्रीगणेशा करतात. कशाचा, ते दर दोन महिन्यांनी बदलतं.

असा एखादा तात्या प्रत्येक गावात असतोच. त्याच्याकडं कोरी वही असते, पहिल्या तीन पानांवर अक्षर मोत्यासारखं असतं आणि चौथ्या पानावर काकूंचा दुधाचा हिशेब असतो.

गेल्या दिवाळीत पेटी आली. मास्तरांनी पहिला राग दिला भूप. तात्या तसेच आमच्याकडं. "अहो, ह्यात म आणि नी न्हाईतच! सातातल्या दोन चुका जागीच कमी!" उरलेल्या पाचांत त्यांनी ती कसर भरून काढली. भात्याकडं लक्ष दिलं की बोटं चुकायची, बोटं बरोबर पडली की त्या आनंदात भाता थांबायचा. पण सूर चुकला की हा माणूस जो काही खुलायचा! "ऐकलंत? कसला बेसूर वाजला!" असं अभिमानानं विचारणारा वादक मी दुसरा पाहिलेला नाही.

मग पक्षी आले. वीर धरणाच्या पाण्यावर थंडीत लांबलांबची पाखरं उतरतात, म्हणून दुर्बीण घेतली. पहिल्याच दिवशी वहीत नोंद झाली, "चक्रवाक, एक." तो चक्रवाक संध्याकाळी एका घराच्या परसात तुरुतुरु शिरला आणि तिथल्या बाईनं त्याला नावानं हाक मारली. तात्यांनी नोंद खोडली नाही. पुढं फक्त "पाळीव" असं लिहिलं.

कुणी वयाचा विषय काढला की ते पु. ल. देशपांड्यांना पुढं करतात. पन्नाशीला आलेले पु. ल. बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते, हे तात्यांना तोंडपाठ. त्या मुक्कामातून पु. लं.नी 'वंगचित्रे' लिहिलं. तात्यांची बंगाली 'आमि' आणि 'तुमि'पर्यंत गेली आणि 'तिनि'ला काकूंनी चहाला बोलावलं.

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना नदीत स्नान होतं आणि लोणंदला मुक्काम पडतो. इतकी वर्षं तात्या त्या गर्दीत पिठलं-भाकरी वाढायला असायचे. यंदा दिंडीत पावली शिकायला घुसले. रांग पुढं जायची तेव्हा तात्या मागं, रांग मागं यायची तेव्हा तात्या तिच्यात. परभणीकडच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "माउली, डावा पाय." हे म्हणाले, "व्हय माउली," आणि उजवा टाकला. फक्त वेशीपर्यंत निरोप द्यायला म्हणून निघालेला माणूस तरडगावाअलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण बघून, गुडघ्याला तेल लावून, रात्री टेम्पोनं परत आला.

याच तात्यांना मी एकदा कांदा बघताना पाहिलंय. उन्हाळ्यात साठवणीला दोन पिशव्या घ्यायच्या होत्या, म्हणून त्यांना बाजारात घेऊन गेलो. त्यांनी ढिगात हात घातला, एक कांदा उचलला, मानेशी अंगठा दाबला आणि परत टाकला. "मान जाड हाय. टिकायचा न्हाई." पुढच्या ढिगात वरचा गरवा बाजूला सारून खालनं डेंगळा काढला, जोडकांदा काढला, गोल्टी काढली आणि शेतकऱ्याकडं नुसतं बघितलं. त्यानं भाव आपणहून उतरवला. सगळं मिळून दोन मिनिटं. बोटं बिनचूक, आणि चेहरा दुसऱ्याची पट्टी वाचल्यासारखा कोरा. माझं महिन्याचं काम झालं होतं, पण तिथून घाईनं निघाले ते तात्या. कसला तरी क्लास होता.

तेव्हा मला या माणसाची गोम कळली. पस्तीस वर्षं ज्याला चुकायची सोय नव्हती, तो आता थकबाकी वसूल करत होता.

सगळ्यात जास्त टिकली ती मोडी. निमित्त माळ्यावरच्या आज्याच्या ट्रंकेतला एक कागद. "राजवाड्यांना पानिपतचं कागद कुठं घावलं? वाईत! आणि वाई इथनं कितीशी लांब?" १८९८ साली निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाची हकिगत ऐकल्यापासून तात्यांच्या डोळ्यांपुढं मोकासा, इनाम, गेला बाजार एखादी पाटीलकी तरळत होती. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरांची माळ ओवत जायची, हे त्यांना फार आवडलं. त्याहून आवडलं ते हे की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही. वेलांटी बहुतेक दीर्घच, उकार बहुतेक ऱ्हस्वच. "शाळंत हीच लिपी असती तर मी म्याट्रिकला पयला आलो असतो."

तीन आठवडे भिंग लावून कागद लागला. आज्यानं कुणाकडून अकरा रुपये व्याजानं घेतले होते. फेडल्याचा कागद ट्रंकेत नव्हता. तात्या दोन दिवस गावभर सांगत हिंडले, "आम्ही कर्जदार हाय!"

पण बातमी पसरली. आधी एक जण आजोबांचं खत घेऊन आला, मग दुसरा, मग वाटणीच्या भांडणातले तिघं भाऊ एकदम. ओट्यावर चपलांची रांग लागली. लोक खाली मान घालून "तात्या, तुम्हीच सांगा" म्हणू लागले. आठव्या दिवशी भिंग ट्रंकेत गेलं.

"का हो?" मी विचारलं.

"लोक इचारायला लागलं," ते म्हणाले. दूध नासलं म्हणावं तसे.

गेल्या आठवड्यात काकूंचा हात मुरगळला. तात्यांनी आनंदानं परात पुढ्यात ओढली. मी गेलो तेव्हा ओट्याखाली पीठ, तात्यांच्या भुवईवर पीठ आणि तव्यावर एक चीज. काकूंनी ती बऱ्या हातानं उलटून पाहिली.

"ही मोडीत थापली व्हय?"

तात्या खूश. "वाचता येतीय का?"

"येतीय की," काकू म्हणाल्या. "पण हितं ऱ्हस्व-दीर्घ लागतं. कडा बघा जरा."

तात्यांनी दुसरा गोळा घेतला.