उष्टं

शिळं टाकवत नाही, हा माझा दोष आहे. आजीने पानात काही टाकू दिलं नाही, त्यामुळे उरलेली भाजी मी डब्यात भरून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ढकलतो. मुलीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या घरात यावरून रोज एक छोटी चकमक झडते.

यंदा नायगारा पाहून झाल्यावर सासऱ्यांना आणखी कुठे न्यायचं, हा जावयांपुढे प्रश्न होता. त्यांनी जवळच्याच मार्सेलस गावाकडे गाडी वळवली. ‘‘बाबा, तिथे दगड आहे,’’ म्हणाले. सह्याद्रीत जन्म काढलेल्या माणसाला दगड दाखवायला नेणं म्हणजे कोल्हापूरकराला मिसळ वाढण्यापैकी. पण जावयांना नाही कसं म्हणायचं?

रस्त्यासाठी कापलेल्या उताराच्या पायथ्याशी काळ्या कपच्यांचा ढीग पडला होता. एक उचलली, तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटायला लागले. बोटं काळी झाली. आपला बेसॉल्ट फुटेल, पण असा सुटणार नाही; त्याला मान आहे. या कपचीला मात्र जेम्स हॉल नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1839 मध्ये गावाचं नाव दिलं, मार्सेलस शेल.

सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. पूर्वेच्या डोंगरांवरून पीठ चाळल्यासारखा बारीक गाळ यायचा. वरच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजायचं, मरायचं आणि खाली बसायचं. एरवी तळाचे किडे आणि जिवाणू ते फस्त करतात. इथे तळाच्या पाण्यात प्राणवायूच जवळपास नव्हता. पंगत वाढलेली आणि जेवायला कोणी नाही! त्या उष्ट्यावर चिखल बसत गेला, लोणच्यावर तेलाचा थर बसावा तसा. थरांवर थर चढून ते काही किलोमीटर खाली गेलं, तापलं. आधी त्याचं मेणचट केरोजेन झालं, मग तेल, आणि आच वाढत गेली तसा वायू. खडकाची भोकं इतकी बारीक, की बराचसा वायू आतच अडकला. म्हणून आता आडवी विहीर खणून, पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने घुसवून खडकाला तडे पाडावे लागतात.

याच राज्यात फ्रेडोनियाला विल्यम हार्टने 1821 मध्ये शेलमध्येच जेमतेम 27 फूट खणून वायू काढला होता. ओढ्यात बुडबुडे दिसत होते, तेवढं त्याला पुरलं. आता मात्र न्यूयॉर्क राज्यात खडक फोडून वायू काढायला बंदी आहे. पाण्याची आणि तब्येतीची भीती. मार्सेलसचा वायू शेजारच्या पेनसिल्व्हेनियात निघतो. गाव यांचं, चूल त्यांची. भीती मला खोटी वाटत नाही, पण ती बोलून दाखवायची तर आधी गॅसवरचा चहा सोडायला हवा. शिवाय 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेचा द्रवरूप वायू घेऊन एक जहाज आपल्या दाभोळला लागलं होतं. त्यातला कोणता वायू कोणत्या खडकातला, हे पाइपलाइनमध्ये एकदा मिसळल्यावर कोण सांगणार? चहा तिकडेही होतोच.

घरी परतल्यावर मी आधण ठेवलं. निळ्या ज्योतीकडे बघत बसलो आणि दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता मुलीने फ्रिज उघडला. मागच्या कप्प्यातून डबा निघाला, घट्ट झाकणाचा, गेल्या मंगळवारच्या वांग्याच्या भाजीचा.

‘‘बाबा, हे अजून किती दिवस ठेवायचंय?’’

जावई खिशातली कपची काढून ओट्यावर ठेवत म्हणाले, ‘‘झाकण मात्र उघडू नकोस.’’