ट्रायलवाले

पुण्यातल्या सायकलच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. काही सायकल घ्यायला येतात आणि काही सायकलची ट्रायल घ्यायला. दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात बढती मिळाल्याची उदाहरणं फार थोडी. या दुसऱ्या वर्गाला दुकानातली पोरं 'ट्रायलवाले' म्हणतात, आणि ते लांबूनही ओळखू येतात. वय पंचेचाळीस ते साठ, खिशाला पेन, हातात स्वतःचं हेल्मेट, पण स्कूटरचं. आल्या आल्या ते मागचं चाक उचलून गरकन फिरवतात, फ्रीव्हीलची टिकटिक कान देऊन ऐकतात, मग अंगठ्याने टायर दाबून "हवा कमी वाटते" असं जाहीर करतात. हवा बरोबर असली तरी करतात. पुढचा अर्धा तास ते सायकलवर असतात आणि त्याच्या पुढचा अर्धा तास सायकलवर बोलत असतात. पोरं त्यांना धरसोड्या समजतात आणि घरचे त्यांना चिकट समजतात. ही दोन्ही निदानं चुकीची आहेत असं माझं म्हणणं आहे. त्यांच्याइतका पक्क्या निश्चयाचा माणूस त्या दुकानात दुसरा येत नाही. सायकल घ्यायची नाही, हे घरून निघतानाच ठरलेलं असतं. ट्रायल असते ती त्या निर्णयाला कारण मिळवायला. कारणही असंतसं चालत नाही, तांत्रिकच लागतं. 'कंटाळा येतो' हे कारण असू शकत नाही. 'व्हीलबेस कमी आहे' हे असू शकतं.

हे तपासून पाहायला मोठ्या चाकांच्या घडीच्या सायकलीइतकं चांगलं साधन नाही, कारण ट्रायलवाल्यांच्या सगळ्यात भक्कम आक्षेपाचं उत्तर म्हणूनच जणू ती बाजारात आली आहे. घडीच्या सायकलीवर त्यांचा मूळ आक्षेप चाकाचा. लंडनमध्ये अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७०च्या दशकात राहत्या फ्लॅटमध्ये खटपट करून एक सायकल बेतली आणि समोरच्या ब्रॉम्प्टन ओरेटरी या चर्चवरून तिला ब्रॉम्प्टन हे नाव दिलं. तिची चाकं सोळा इंची. दुमडली की टेबलाखाली जाते, म्हणून लंडनच्या लोकलने जाणारे नोकरदार तिच्यावर खूश झाले. आपल्या ट्रायलवाल्यांनी फोटो पाहूनच निकाल दिला, "सर्कशीतली वाटते. आपल्या रस्त्यावर नाही चालायची." ठीक आहे. पण वीस इंची चाकांची घडीची सायकलही काही कालची नाही. अमेरिकेत डेव्हिड हॉन या लेझरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने पेट्रोलटंचाईच्या काळात हाच विषय हाती घेतला, १९८२ मध्ये डॅहॉन कंपनी काढली, आणि पुढे वीस इंची चाक ही तिची ओळख झाली. आपल्याकडेही खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत वीस इंची घडीची सायकल बरीच वर्षं मिळते आहे. शेवटी २०२४ मध्ये सोळा इंचांना इतकी वर्षं चिकटून राहिलेल्या ब्रॉम्प्टननेही वीस इंची चाकांचं आणि जाड टायरचं मॉडेल आणलं. म्हणजे ट्रायलवाल्यांचा आक्षेप खुद्द लंडनला मान्य झाला. आता तरी सायकल घरी यायला हवी होती.

प्रत्यक्षात चाकं मोठी झाली आणि आक्षेप चाकावरून उठून घडीवर जाऊन बसला. "चाक उत्तम आहे, पण घडी केवढी मोठी होते!" चोवीस इंची दाखवावी तर, "एवढं मोठं चाक असेल तर घडीची कशाला घ्यायची? साधी काय वाईट?" साधी दाखवावी तर, "ती ठेवायची कुठे? घडीची बरी." एवढं म्हणून ते पुन्हा सोळा इंचीकडे वळतात आणि हे चक्र पूर्ण होतं. एकाच सायकलीविषयी त्यांनी आजवर मनापासून चांगलं म्हटलेलं आहे, ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकल. चाकं पूर्ण आकाराची, मधोमध दोन बिजागऱ्या, हाताने पिळायच्या दोन चाव्या, आणि ती घेऊन माणूस विमानातून उडी मारायचा. कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात हे प्रकरण पाहताना ट्रायलवाल्यांचा चेहरा खुलतो. "याला म्हणतात माल. हिच्यावर मी डोळे मिटून पैसे टाकले असते." ती विकाऊ नाही हा तिचा मुख्य गुण.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे: यांचं म्हणणं खरंच असेल तर? आपले रस्ते काय लंडनचे आहेत? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे वाहन त्यावर अलगद चढून अलगद उतरेल. आपल्या गल्लीतला गतिरोधक उंचीचं मानक उत्साहाने ओलांडतो आणि रुंदीचं विसरून जातो. अशा रस्त्यावर चाकाच्या आकाराने फरक पडतो यात शंका नाही. पाच सेंटिमीटर उंचीच्या धारेला भिडताना सोळा इंची चाकाचा स्पर्श तळापासून साधारण ४० अंशांवर होतो, वीस इंचीचा ३७ अंशांवर आणि जुन्या काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची चाकाचा ३१ अंशांवर. कोन जितका कमी तितका गचका कमी. पण आकडे नीट पाहिले तर सोळावरून वीसवर जाताना मिळतात ते जेमतेम तीन-चार अंश. वीस इंची सायकल मऊ वाटते याचं बरंचसं श्रेय चाकाकडे जात नाही. ते जाड टायरचं आणि त्यातल्या कमी दाबाच्या हवेचं आहे. म्हणजे ट्रायलवाले आल्या आल्या ज्या हवेला नावं ठेवतात, तिच्यामुळेच त्यांची बैठक सुखरूप राहते.

दुसरा आवडता आक्षेप पायडलांचा. "लहान चाक म्हणजे पाय जास्त मारावे लागणार, हे साधं गणित आहे." गणित साधं आहे, पण अर्धंच केलेलं आहे. जुन्या सायकलीचं चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जातं. पुढचं चक्र ४४ दातांचं आणि फ्रीव्हील १८ दातांचं धरलं तर पायडलाच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते. वीस इंची चाकाचा घेर साधारण १.५७ मीटर, पण पुढे ५२ आणि मागे १४ दात दिले की तीच सायकल एका फेऱ्यात पावणेसहा मीटरच्या पुढे जाते. चाकाने कमी केलेलं दातांनी भरून काढलं. लहान चाकांच्या सायकलीचं हे गणित ॲलेक्स मोल्टनने १९६२ मध्येच रस्त्यावर आणून दाखवलं होतं. हे सांगितल्यावर ट्रायलवाले गप्प होतात असं कोणी समजू नये. ते म्हणतात, "हां, पण हँडल चंचल वाटतं." आणि ते खरं असतं, लहान चाकाचं हँडल चंचल असतंच, हाताला सवय व्हायला दोन-चार दिवस लागतात. इथेच ही जात इतर टीकाकारांहून निराळी पडते. तिचं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे घेतलं तर बरोबर असतं. चूक काढायची तर सगळी वाक्यं एका ओळीत मांडावी लागतात.

ती मांडली की दिसतं, ट्रायलवाले काय तपासतात आणि कशाला हातही लावत नाहीत. तपासतात ती चाल. पार्किंगमध्ये इंग्रजी आठाचा आकडा काढतात, हात सोडून चालवायचा विचार करतात आणि सोडून देतात, गतिरोधकावरून एकदा बसून आणि एकदा उभं राहून जातात. पण घडीची सायकल चालीसाठी कोणी घेत नाही. तेवढ्या पैशात त्याहून चांगली चालणारी साधी सायकल मिळते. जास्तीचे पैसे असतात ते घडीचे. आणि घडी? ती दुकानातला पोरगा घालून दाखवतो, ट्रायलवाले मागे हात बांधून बघतात. पंधरा-वीस सेकंदांचं काम. "तुम्ही घालून बघा ना काका," असं म्हटलं की, "नाही नाही, समजलं मला." उचलून बघणं तर दूरच. वीस इंची घडीची सायकल बारा ते पंधरा किलोंच्या घरात जाते, म्हणजे लिफ्ट नसलेल्या सोसायटीत रिकामा गॅस सिलिंडर रोज तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि सकाळी परत खाली आणायचा. हा खरा आक्षेप आहे. या एका कारणाने सायकल नाकारली तर कोणीही मान डोलवेल. तरी ट्रायलवाले तो कधी घेत नाहीत, कारण त्यासाठी सायकल उचलावी लागेल, आणि उचलून दम लागला तर दोष सायकलीत की आपल्यात हा प्रश्न भर दुकानात उभा राहील.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात पक्का पुरावा मात्र त्यांनी न विचारलेल्या एका प्रश्नाचा आहे. सोळा इंच या एकाच नावाखाली रिमचे निरनिराळे आकार खपतात. लहान मुलांच्या सायकलीची रिम ३०५ मिलिमीटरची, तर ब्रॉम्प्टनसारख्यांची ३४९ची. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पहिल्याचा टायर असतो, दुसऱ्याचा शोधत हिंडावं लागतं. घडीच्या वीस इंची सायकलीची रिम सहसा ४०६ मिलिमीटरची, आणि मुलांच्या बऱ्याचशा वीस इंची सायकलींची तीच. म्हणजे चाक मोठं झाल्याचा रोजच्या वापरातला खरा फायदा हा, की टायर-ट्यूब कुठल्याही नाक्यावर मिळते. चिकित्सक माणूस पहिल्यांदा हेच विचारेल. ट्रायलवाले व्हीलबेस विचारतात, वेल्डिंग बघतात, बिजागरीत बोट घालून 'प्ले' आहे का ते पाहतात, कॅरिअरवर डबलसीट चालेल का हेही विचारतात. पंक्चरचं मात्र विचारत नाहीत. त्याचं उत्तर सायकलीच्या बाजूने जातं.

आता कोणी म्हणेल, पैशाचा मामला आहे, माणसाने चार वेळा पाहून घ्यावं. अगदी मान्य. घडीच्या सायकली काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात, आणि न बघता घेऊन गॅलरीत कपडे वाळत घालणारे ट्रायलवाल्यांहून जास्त हास्यास्पद. पण पैशाची काळजी असलेला माणूस स्वस्त वाटही शोधतो. पुणे मेट्रोत साधी, न घडी होणारी सायकलही सोबत नेता येते. ट्रायलवाल्यांना हे तोंडपाठ आहे, "मेट्रो आख्खी सायकल घेते, मग घडीची हवी कशाला?" हा त्यांचा हुकमी सवाल आहे. त्यावर ते आपली जुनी सायकल घेऊन वनाज स्टेशनवर कधी दिसले का, हे विचारायचं नसतं. २०१७-१८ मध्ये ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा तर अर्ध्या तासाला चहाच्या कपाहून कमी पैसे पडत होते. त्या वेळी सबंध शहराने ट्रायल घेतली, आणि योजना गुंडाळल्यावर सबंध शहर म्हणालं, "सीट जरा टोचायची." तेव्हा हा दोष एका वयाच्या किंवा एका पेठेच्या माथी मारणं बरोबर नाही. सायकलींचं शहर म्हणून ज्याचा लौकिक होता, त्याला सायकलीविषयीचं आपलं मत सोडवत नाही, सायकल सोडवली.

तरी दुकानदार ट्रायलवाल्यांना हाकलत नाही, उलट चहा पाजतो, आणि तो मूर्ख नाही. ट्रायलवाले बोलत असतात तेव्हा शेजारी हमखास कोणीतरी ऐकत असतं. समजा, रोज पिंपरीहून मेट्रोने येणारी, शिवाजीनगरला उतरून ऑफिसपर्यंत शेअर रिक्षाची वाट बघणारी एखादी बाई. तिला व्हीलबेस कळत नाही. तिला या अर्ध्या तासात एवढं कळतं, की सायकल मोडत नाही, गचके फार बसत नाहीत, आणि एवढा वाद घालणाऱ्या गृहस्थांनाही हिच्यात सांगण्यासारखा मोठा दोष सापडलेला नाही. ती पुढे होते, घडी स्वतः घालून बघते, एका हाताने उचलते, तोंड वाकडं करून दुसरा हात लावते, पंक्चरचं विचारते आणि कार्ड काढते. ट्रायलवाले तिला सीटची उंची कशी ठेवायची ते समजावून सांगतात, आणि ते अगदी बरोबर सांगतात. विकलेल्या सायकलीवर त्यांचा लोभ असतो.

तुम्ही अशी सायकल बघायला जाणार असाल तर आधी तिची घडी घाला आणि ती उचलून निदान एक जिना चढा. दम पुरला तरच बाहेर रस्त्यावर न्या, आणि नेताना गुळगुळीत रस्ता निवडू नका. टायर कुठे मिळतो तेही विचारून घ्या. या सगळ्याला मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतरही तुम्ही दुकानातच असाल आणि फ्रीव्हीलच्या आवाजाबद्दल बोलत असाल, तर सायकल राहू द्या. चहा घेऊन घरी जा.